मावा आठव्या दिवशी परत येतो? आधी आभाळ बघा

कोथिंबीर वीस-बावीस दिवसांची झालेली असते. शेंडा हातात धरून पान उलटं केलं की देठाला बारीक हिरवट दाणे चिकटलेले दिसतात. हाच मावा, पिकाचा रस शोषणारी कीड. दुकानातून औषध येतं, पाठीवरचा पंप भरला जातो, वाफे चिंब होतात. तिसऱ्या दिवशी मावा मेलेला. आठव्या दिवशी बघावं तर पुन्हा तेवढाच. दुकानदार म्हणतो, "दादा, मागचं औषध हलकं होतं, आता हे न्या." तेही नेलं, आठ दिवसांनी तीच रड. मेथी, शेपू, पालक, मोहरी, कोबी, कुठलंही पीक घ्या, गाऱ्हाणं एकच.

मी निफाड तालुक्यात गोदाकाठच्या काळ्या रानात पालेभाजी करतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाचे ढग आमच्यावर येऊन बसले, तेव्हा माझी तीस गुंठे कोथिंबीर होती. पंधरा-सोळा दिवसांत तीन फवारण्या केल्या, तरी मावा हटेना. चौथ्या फवारणीला तो गेला आणि मी त्या चौथ्या औषधाचं नाव वर्षभर गावाला सांगत फिरलो. पुढच्या डिसेंबरात आभाळ आलं, तेच औषध मारलं, काहीच झालं नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आदल्या वर्षी चौथ्या फवारणीच्या सुमाराला ढग हटले होते आणि थंडी परत पडली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकंच.

आठ दिवसांचा हिशेब

मावा अंडी घालून, नर-मादीचा मेळ बसवून वाढत बसत नाही. आपल्याकडच्या हवेत मादी नराशिवायच थेट जिवंत पिल्लं घालते, रोज तीन-चार, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच धरलेली असते. वीस ते पंचवीस अंशांच्या हवेत पिल्लू साधारण आठवड्याभरात स्वतः आई होतं. अशा हवेत माव्याची संख्या अडीच दिवसांत दुप्पट होते असं धरायला हरकत नाही.

आता बोटांवर मोजा. समजा शंभर मावे होते. फवारणी चांगली बसली, नव्वद मेले, दहा राहिले. अडीच दिवसांनी वीस, पाचव्या दिवशी चाळीस, साडेसातव्या दिवशी ऐंशी, आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा शंभर. औषध हलकं नव्हतं, बनावटही नव्हतं. नव्वद टक्के मारणारं औषध त्या हवेत आठच दिवस विकत घेऊन देतं. पालेभाजीत पानाच्या खालच्या बाजूला आणि शेंड्याच्या घडीत औषध पोचतच नाही, त्यामुळे दहा टक्के मागे राहणं ही रोजचीच गोष्ट.

हाच हिशेब थंडीत मांडा. निफाडला थंडी खरी पडली की रात्रीचा पारा एक आकडी होतो. त्या हवेत पिल्लाची आई व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि दुप्पट व्हायला अडीचऐवजी सहा-सात दिवस. तीच फवारणी, तेच दहा उरलेले मावे, पण शंभरावर यायला वीस-बावीस दिवस. तेवढ्यात कोथिंबीर उपटून मार्केटला गेलेली असते. म्हणून आपण म्हणतो, "या वेळी औषधाने काम केलं."

ढगाळ हवेत नेमकं काय होतं

"आभाळ आलं की मावा पडतो" असं जुनी माणसं म्हणतात. पडतो हा शब्द अर्धा खरा आहे. पंखवाला मावा वाऱ्यावर येतो आणि उतरतो, पण तो ढगातून येत नाही, शेजारच्या रानातून येतो. त्यावर पुढे बोलू. ढगांचं मुख्य काम रात्री चालतं.

आभाळ निरभ्र असतं तेव्हा दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. पहाटे आठ अंश, दुपारी अठ्ठावीस. मावा पहाटे गारठून गप्प असतो आणि दुपारी थोडा वेळच जोरात असतो. ढग आले की ते गोधडीसारखे वर पसरतात, ऊब खालीच राहते. पहाटे सोळा, दुपारी पंचवीस. दुपार थोडी उतरली, पण रात्र केवढी चढली ते बघा. माव्याला आता चोवीस तास मानवेल अशी हवा मिळते. तुम्हाला गारवा वाटतो, कारण ऊन नसतं. मावा उन्हावर चालत नाही, पाऱ्यावर चालतो.

दुसरी गोष्ट माव्याच्या शत्रूंची. ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, त्यांना हलायला माव्यापेक्षा जास्त ऊब लागते. मावा चार-पाच अंशांच्या वर हळूहळू का होईना वाढत राहतो. ढालकिडा दहा-बारा अंशांखाली कोपऱ्यात बसून राहतो आणि ऊन अंगावर आल्याशिवाय नीट फिरत नाही. सिरफिड माशीही उन्हातच उडते. थंडीतून एकदम ढगाळ हवा झाली की मावा लगेच सुटतो आणि त्याला खाणारे मागून, आठ-दहा दिवस उशिरा येतात. नेमक्या त्या आठ-दहा दिवसांत आपण तीव्र औषध मारतो आणि मागून येणाऱ्यांना वाटेतच गारद करतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी हे हमखास होतं: मावा थोडा मरतो, शत्रू पार संपतात, आणि पुढची लाट पहिलीपेक्षा मोठी येते.

तिसरी गोष्ट पिकाची. ऊन कमी म्हणजे पान लुसलुशीत आणि रसाळ राहतं. त्यात आपण काय करतो? पीक मंद दिसतं म्हणून युरिया फेकतो. पानात नत्राचा रस वाढला की माव्याची पिल्लंही वाढतात. काढणीआधी पानाला काळोखी, म्हणजे गडद हिरवा रंग, यावी म्हणून दिलेला युरिया ढगाळ आठवड्यात पडला तर तो माव्याचा खुराक ठरतो. हे मी स्वतः दोनदा केलंय.

आधी तुमचा मावा कोणता ते ओळखा

सगळा मावा एका हवेला नाचत नाही. मोहरी आणि कोबीवरचा मावा थंडीचा. डिसेंबर-जानेवारी हा त्याचा सण, आणि उन्हाळा लागला की तो आपोआप ओसरतो. मेथीवर आणि चवळीवर काळा, चकचकीत मावा येतो, तो मात्र उष्णतेला दाद देत नाही. पारा तिशीजवळ गेला तरी त्याचं बरं चालतं. त्यामुळे "होळी जळाली, थंडी पळाली, आता मावा जाईल" ही आशा मोहरीवाल्याने करावी, उन्हाळी मेथी करणाऱ्याने करू नये. पालकावर आणि इतर कित्येक पिकांवर दिसणारा फिक्कट हिरवा मावा दोघांच्या मधला, आणि औषधांना निगरगट्ट होण्यात जगभर बदनाम. त्याच्यावर एकच औषध पुन्हापुन्हा मारलंत तर मरतील ते लेचेपेचे, राहतील ते पैलवान.

कोबीवरचा मावा राख फासल्यासारखा दिसतो. ती राख म्हणजे मेणाचा थर. साध्या पाण्यातला फवारा त्यावरून अळूच्या पानावरून घरंगळावा तसा जातो. कोबीवर "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार असेल तर औषध बदलण्याआधी पाण्यात स्टिकर (औषध पानावर पसरवून चिकटवणारं द्रव्य) किंवा साबण होता का ते आठवा.

आणखी एक फसगत नेहमीची. पानावर पांढरी टरफलं दिसली की लोक "बुरशी आली" म्हणून बुरशीनाशक मारतात. ती माव्याने टाकलेली कात असते. कात भरपूर आणि जिवंत मावा कमी, असं दिसलं तर लाट उतरतेय. उगाच पंप काढू नका.

भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने शेंड्याचा फोटो काढून मोठा करून बघा. फुगलेले, बदामी, हलत नसलेले मावे दिसतात का? त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. पाठीवर गोल भोक असेल तर ते पिल्लू बाहेर पडून पुढच्या माव्याच्या मागे लागलंय. दहा माव्यांत असे दोन-तीन सापडले तर मी तीन-चार दिवस थांबतो, आणि बहुतेक वेळा पंप काढावाच लागत नाही. काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली, बारक्या मगरीसारखी अळी दिसली तर ती ढालकिड्याची. आमच्याकडे पुष्कळ जण ती अळी कीड समजून चिरडतात. देवाशपथ, मीही चिरडायचो.

मुंगळ्यांची रांग झाडावर चढताना दिसली तर समजा की मावा आत आहेच. मुंगळे त्याच्या चिकट गोड रसासाठी येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकतात. ज्वारीवर ज्याला आपण चिकटा म्हणतो तो हाच रस. पालेभाजीत तो चिकटपणा आला, त्यावर काळी बुरशी धरली, की व्यापारी जुडी उलटी करून बघतो आणि शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा, भाव जागेवर निम्मा करतो.

पाऊस, धुई, गारा, ऊन

पाऊस आला की मावा धुऊन जातो, हे जोराच्या पावसाला लागू. थेंबाचा मारा बसला की मावा खाली पडतो आणि चिखलातून परत शेंड्यापर्यंत पोचणारे थोडेच. भुरभुर पावसाने काही होत नाही, उलट ढग टिकतात, पारा टिकतो आणि फवारणी मात्र वाया जाते. सलग दोन-तीन दिवस ओल राहिली तर एक चांगली गोष्ट होते: माव्यावर निसर्गातली बुरशी येते. तपकिरी पडलेले, पानाला घट्ट चिकटून मेलेले मावे दिसले तर ती. अशा वेळी करप्याच्या (पानं करपवणाऱ्या रोगाच्या) भीतीने बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक एकाच टाकीत कालवून मारायची आपली सवय त्या बुरशीलाही मारते.

धुईला, म्हणजे धुक्याला, लोक फार दोष देतात. धुई मावा आणत नाही. धुई पडते ती वारा पडलेल्या, दमट रात्री, आणि वारा पडला की पंखवाला मावा आपल्या मर्जीने कुठेही उतरू शकतो. एरवी तो इतका दुबळा उडणारा की वाऱ्याच्या झुळकीला त्याचं काही चालत नाही. वारा नेईल तिकडे जायचं आणि आडोसा मिळाला की पडायचं. म्हणून गजराज गवताच्या किंवा शेवरीच्या कुंपणाच्या आडोशाला, वारा जिथे मंदावतो तिथे, पहिला मावा सापडतो. मी आता वाफ्याच्या मधोमध शोधत बसत नाही, तिथूनच सुरुवात करतो.

गारपीट झाली तर मावा जातो, पण पीकही जातं. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडकरांनी ते पाहिलंय. गारपिटीनंतर जी वाचलेली पालेभाजी नवीन फुटवा काढते, तिला उभारी म्हणून नत्र दिलं जातं, आणि तो कोवळा फुटवा माव्याला ताटात वाढल्यासारखा मिळतो. गारांनंतरचे दहा-पंधरा दिवस रोज पान उलटून बघावं.

एप्रिल-मेच्या रखरखत्या उन्हात, काळा सोडला तर बाकी मावा स्वतःच खचतो. ऑक्टोबर हिटमध्येही त्याला जोर नसतो. तेव्हा खर्च करायची गरज नसते, पण आपण करतो.

परत परत येण्याचं खरं घर

हवामान सगळ्यांना सारखं, मग एकाच्याच रानात मावा का सरत नाही? दहापैकी आठ वेळा उत्तर बांधापलीकडे असतं, आणि तो बांध आपलाच असतो. आपण कोथिंबीर, मेथी दर आठ-दहा दिवसांनी वाफ्या-वाफ्याने पेरतो, कारण मार्केटला रोज माल लागतो. भाव पडला की एखादा वाफा तसाच सोडून देतो, किंवा बियाला ठेवतो. तो वाफा पिवळा पडतो, माव्याने गच्च होतो. आणि गर्दी झाली, खाणं निकृष्ट झालं, की मावा पंख असलेली पिल्लं घालतो. ती पिल्लं पहिल्या उबदार, वारा पडलेल्या दिवशी, पारा पंधरा-सोळाच्या वर गेला की उठतात आणि शेजारच्या एकवीस दिवसांच्या कोवळ्या वाफ्यावर उतरतात. तुम्ही नवा वाफा फवारता, कारखाना बाजूला चालूच असतो.

सोडलेला वाफा त्याच दिवशी रोटाव्हेटरने मोडायचा. दोन दिवसांनी भाव वाढेल या आशेवर ठेवायचा नाही. बियाला धरायचीच असेल तर ती मुख्य रानापासून लांब, आणि वारा बियाच्या वाफ्याकडून नव्या वाफ्याकडे वाहणार नाही अशी. करडई करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: उशिरा पेरलेली करडई माव्याने खाल्लीच, कारण तिचं कोवळं वय नेमकं डिसेंबर-जानेवारीच्या हवेत सापडतं.

अंदाज बघून काय करतो

हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवरही मिळतो. त्यात लोक फक्त पाऊस बघतात. मी दोन आकडे बघतो: किमान तापमान आणि ढग. आभाळ आठ भागांत मोजलेलं असतं. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे गच्च. पाच किंवा जास्त ढग सलग तीन दिवस, आणि किमान तापमान तेरा-चौदाच्या वर, असं दिसलं की माझ्या वहीत ती धोक्याची खूण. हा माझ्या रानाचा आकडा आहे, तुमच्याकडे दोन अंश इकडे-तिकडे होईल.

त्या तीन दिवसांत आधी युरिया बंद. पिवळे चिकट सापळे कुंपणाच्या आडोशाला थोडे लावायचे, मावा मारायला नव्हे, पंखवाले कधी उतरले ते कळायला. रानभर सापळे लावले तर ढालकिडेही त्यात चिकटून मरतात. रेन पाइप (पावसासारखं पाणी उडवणारी भोकांची नळी) असेल तर सकाळी नऊ-दहाला दहा मिनिटं जोराने सोडायचा. मावा झडतो आणि दुपारपर्यंत पान सुकतं. संध्याकाळी सोडला तर रात्रभर ओलं पान, आणि करपा घरचा पाहुणा.

मावा दिसू लागला असेल पण शेंडे मुडपले नसतील, तर व्हर्टिसिलियम लेकॅनी, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी. या मित्रबुरशीला दमट, ना गार ना गरम हवा लागते, म्हणजे ज्या आभाळाला आपण शिव्या घालतो तेच. हीच पावडर कोरड्या मार्चच्या दुपारी मारून "जैविकने काही होत नाही" म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. तिच्या मागे-पुढे चार-पाच दिवस बुरशीनाशक नको.

आभाळ निवळून कोरडी हवा झाली तर पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून, दोनशे ग्रॅम साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं. मारायचा त्याच संध्याकाळी. उन्हात निंबोळीची ताकद लवकर उतरते आणि शिळा अर्क कामाचा नाही. कपडे धुवायची पावडर वापरू नका, कोवळी मेथी भाजते.

रासायनिक औषधाबद्दल थोडक्यात. पालेभाजीवर लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची मंजुरी, असलेली औषधं फार थोडी आहेत. डब्यावर तुमच्या पिकाचं नाव आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं नसेल तर मारू नका, दुकानदार काहीही म्हणो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी "थोडंसं" म्हणून हातात देणारे अजून आहेत. कोथिंबीर कच्ची खाल्ली जाते, हे वेगळं सांगायला नको.

काढणीला सहा दिवस उरले असतील तर वरचं सगळं विसरा. शंभराच्या हिशेबाने बघा: आज शेंड्यावर चार-पाच मावे असतील तर सहा दिवसांनी पंचवीसच्या आसपास होतील, जुडी बांधताना झटकून-धुऊन माल जाईल. आज पंचवीस असतील तर सहा दिवसांनी सव्वाशे, आणि जुडी चिकट. मग फवारायचं नाही, उद्याच उपटायची. चार बोटं उंची कमी भरेल, शेकड्याला थोडे पैसे कमी येतील. २०१७ ला मी हा हिशेब मांडला असता तर चौथ्या फवारणीचे पैसे वाचले असते आणि कोथिंबीर हिरवी असताना मार्केटला गेली असती.

आज शुक्रवार. सल्ल्यात रविवारपासून सहा भाग ढग आणि किमान पंधरा दाखवलंय. बियाला सोडलेला मोहरीचा वाफा मी दुपारीच मोडला, आणि सोमवारी कुंपणाकडून पान उलटायला सुरुवात करणार आहे.